आरोग्य कोणासाठी?

कोयनानगरसारख्या डोंगरी वसाहतीतील एखाद्या मुलीची मासिक पाळी महिनोन्महिने चुकू लागली, हनुवटीवर केस दिसू लागले, तर घरात आधी कुजबुज सुरू होते. कऱ्हाडच्या डॉक्टरांचा विचार मागाहून. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतही याहून फारसे निराळे घडते असे आम्हांस वाटत नाही. ‘लग्न झाले की सारे सुरळीत होईल’ असे म्हणून विषय मिटविला जातो. पुढे मूल होत नाही असे दिसले, की मात्र सारे घर दवाखान्याची पायरी चढते. तेव्हा प्रश्न असा की, स्त्रीचे आरोग्य आपण जपतो ते तिच्यासाठी, की तिच्या पोटी येणाऱ्या मुलासाठी?

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अर्थात बोलण्यातला ‘पीसीओडी’, हा विकार सुमारे दहा स्त्रियांत एकीस असतो. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल या डॉक्टरांनी १९३५ साली सात रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. शस्त्रक्रियेनंतर सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींस गर्भ राहिला. आणि पुढे दीर्घकाळ या विकाराकडे मुख्यतः वंध्यत्वाचे कारण म्हणून पाहिले गेले. इन्शुलिनशी त्याचे नाते १९८० साली दिसून आले. अनेकींचे शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देत नाही, म्हणून रक्तातील इन्शुलिन वाढते. त्यामुळे बीजांडकोशात पुरुषी संप्रेरके अधिक निर्माण होतात व बीज पक्व होण्याचे थांबते. सोनोग्राफीत दिसतात त्या खऱ्या गाठी नव्हेत. ती वाढ खुंटलेली बीजपुटके होत. अर्थात मूल झाले म्हणून विकार संपला असे होत नाही. मधुमेहाचा धोका मागे उरतोच.

कोणी म्हणेल, अपत्याची इच्छा का अनुचित आहे? मुळीच नाही, पुष्कळदा ती त्या स्त्रीचीही असते, आणि उपचारांनी बहुधा सफळही होते. परंतु ती इच्छा हेच उपचाराचे एकमेव निमित्त ठरले, तर अविवाहितेने आणि मुले झालेल्या स्त्रीने काय करावे?

दुसरा अन्याय दोषारोपाचा. ‘खाण्यावर ताबा नाही’ असे आपण सहज बोलून जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन अवघे २.७ किलो, इंग्लंडातील साडेतीन किलोंच्या बालकांशी ताडून पाहता स्नायू फार कमी, चरबी मात्र जवळजवळ तितकीच. मधुमेहाकडे नेणारी ही ठेवण जिच्या अंगी जन्मतःच आहे, तिला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?

आहार व व्यायाम यांचा उपयोग होतो हे निःसंशय. परंतु ताट घराचे असते आणि फिरावयास जाण्याची सवडही घरच देते. म्हणून हे पथ्य एकट्या मुलीचे नसून साऱ्या कुटुंबाचे आहे. डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘हिला मूल होईल ना?’ याच्या आधी ‘ही बरी राहील ना?’ असे विचारणे आपणांस जमेल, तर त्या मुलीस आपल्या घरी स्वतःचे स्थान आहे असे म्हणता येईल.