क्षेत्रपाल कुठे ठेवायचा?

लोह्याहून कंधारला जाणाऱ्याला तिथला भुईकोट किल्ला ठाऊक असतो. गावाच्या कडेचा जगत्तुंग समुद्र मात्र अनेकांना नुसता तलाव वाटतो. तो राष्ट्रकूटांच्या काळातला. जगत्तुंग हे तिसऱ्या गोविंदाचं बिरुद. याच परिसरात क्षेत्रपालाच्या एका अजस्र मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. नुसतं पाऊल पाहिलं तरी बघणारा मनातल्या मनात उरलेला देव उभा करू लागतो, आणि त्याची मान आपोआप वर जाते.

समजा, या पाण्याकाठी उद्या एखादं कलादालन बांधायचं ठरलं. वास्तुविशारद आधी विचारील, तलावाकडची खिडकी किती मोठी हवी? मराठवाड्यात त्याच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. अग्निपुराणातल्या जीर्णोद्धाराच्या प्रकरणात लाकडाची जीर्ण मूर्ती अग्नीला द्यावी, दगडाची पाण्यात सोडावी असा विधी आहे. पुराण न वाचलेली आजीही तेच करते. तडा गेलेला गणपती आणि देवांची जुनी तसबीर गोदावरीत, नाहीतर गावच्या विहिरीत जाते. अशा मूर्तीची शेवटची जागा म्हणजे पाणी. मग तिथेच काठावर भिंती उभारून तीच मूर्ती दिव्याखाली मांडली, तर देवाला वाटेतच अडवलं, असं होत नाही का?

एक उत्तर सरळ आहे: प्राणप्रतिष्ठेनं देवत्व येतं, मूर्ती भंगली की ते जातं, उरतो तो दगड. दगड कुठेही ठेवावा. पण व्यवहारात हे इतकं सोपं निघत नाही. तमिळनाडूतल्या पत्तूरचा नटराज १९७६ साली जमिनीखाली सापडला आणि चोरवाटांनी लंडनला पोचला. त्याच्या देवळात पूजा कधीच थांबली होती. तरीही लंडनच्या उच्च न्यायालयानं १९८८ साली मंदिराच्या आणि शिवलिंगाच्या वतीनं केलेला दावा मान्य केला, आणि १९९१ साली मूर्ती भारतात परत आली. पडक्या देवळातला देव इंग्रज न्यायाधीशापुढे फिर्यादी होऊ शकतो, तर क्षेत्रपालाच्या पावलाला ‘प्रदर्शित वस्तू क्रमांक अमुक’ म्हणताना जरा दमानं घ्यायला हवं.

संग्रहालयातल्या गणपतीपुढे हात जोडणारी, पायाशी गुपचूप फूल ठेवणारी बाई अडाणी नसते. तिला शिल्प दिसत नाही असं नाही. तिला दोन्ही दिसतं. रखवालदार ओरडतो, ती हात मागे घेते, आणि पुढच्या दालनात पुन्हा हात जोडते. इमारतीनं या बाईचा विचार करायला हवा, असं ठाम म्हणावंसं वाटतं.

पाण्याकाठचं दालन कसं असावं, याचा एक धडा भोपाळला आहे. चार्ल्स कोरिया यांनी मोठ्या तलावाच्या उतारावर बांधलेलं भारत भवन १९८२ साली सुरू झालं. तिथे भव्य दर्शनी भिंत नाही. माणूस वरून आत शिरतो आणि गच्च्या, खोलगट चौक ओलांडत तलावाकडे उतरत जातो. दालनं बरीचशी जमिनीत दडलेली. घाट किंवा बारव उतरताना पाय जे शिकलेले असतात तेच इथं उपयोगी पडतं. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी तिथे आदिवासी कलाकारांची आणि शहरी चित्रकारांची चित्रं शेजारीशेजारी लावली. जनगढसिंह श्याम या परधान गोंड तरुणानं आपले देव कागदावर आणले तेही याच भवनाच्या आधारानं. देव घरचा, भिंत सरकारी. तिथेही तोच प्रश्न होता, पण त्यावरून कुणी दार लावून घेतलं नाही.

कंधारला मांडणी दगडानंच ठरेल. कागद आणि कापडावरच्या चित्रांना तलावाची दमट हवा सोसत नाही, बुरशी धरते. त्यांना मागची, कोरडी खोली हवी. मोठ्या शिल्पांना तेवढी भीती नाही, मात्र जमिनीतला ओलावा क्षार घेऊन दगडात चढतो, म्हणून चौथरा जोत्यावर आणि खाली पाण्याचा निचरा हवा. क्षेत्रपालाचे तुकडे छपराखाली कोंडू नयेत. पायऱ्या पाण्यात उतरतात तिथे, उघड्या आभाळाखाली, भोवती फिरता येईल असे ठेवावेत. फूल वाहायचं असेल तर एक दगडी ताट शेजारी असावं, म्हणजे रखवालदाराला ओरडावं लागणार नाही.

चपलांचं काय, यावर समितीत नक्की भांडण होईल. दालनात चपला घालून जायचं, काठाच्या पायऱ्यांवर काढून, असा तोडगा निघू शकतो. फक्त उन्हाळ्यात तापलेल्या काळ्या दगडावर अनवाणी पाय भाजतात, तेव्हा त्या वाटेवर सावलीही धरावी लागेल.