गिधाडाचा कैवार

मेलेलें जनावर गांवाबाहेर टाकतांच घटकाभरांत गिधाडें उतरत, हें वडील मंडळीस आठवत असेल. आतां तेथें कुत्रीं भांडतात.

गिधाडांचा हा संहार शिकाऱ्यानें केला नाहीं, दयेनें केला. गुरांच्या वेदना शमाव्या म्हणून लोक त्यांस डायक्लोफिनॅक नांवाचें औषध देऊं लागले. तें अंगांत असतां मेलेल्या जनावराचें मांस खाल्ल्यानें गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होतात. १९९२ पासून २००७ पर्यंत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक इतकींच उरलीं. सरकारनें २००६ सालीं गुरांसाठीं तें औषध बंद केलें. तोंवर घडलें तें अजाणतां. पण पुढेंही माणसांसाठीं असलेल्या मोठ्या कुप्या गुरांस टोंचल्या गेल्या, म्हणून २०१५ सालीं त्याही बंद कराव्या लागल्या. त्यास अजाणतां कसें म्हणावें?

कोणी म्हणेल, लेवीयाच्या ११ व्या अध्यायांत जो पक्षी अमंगळ ठरला त्याचा एवढा कैवार कां? खाण्यास अमंगळ, इतकेंच तेथें आहे. नोहाच्या तारवांत शुद्ध पशूंबरोबर अशुद्धही होते, व ते देवाच्याच आज्ञेनें. जो घाण काढतो त्यासच घाणेरडा म्हणावें, ही मनुष्याची खोड जुनी आहे. ह्या पत्राच्या पुष्कळ वाचकांच्या वाडवडिलांनीं ती सोसली आहे.

ज्यांच्या गोठ्यांत जनावर आजारी असेल त्यांनीं गुरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागावें. त्यानें जनावरास आराम पडतो व गिधाडास अपाय होत नाहीं. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडें घालते.