हवेचा सातबारा
आपण घामाची भाकर खातो, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण त्या भाकरीत घाम किती आणि देणगी किती, हा हिशेब आपण कधी मांडला आहे काय?

ब्रसेल्सच्या व्हान हेल्मोंट या कॅथलिक वैद्याने झाडाचा हिशेब तराजूवर मांडला. कुंडीत 200 पौंड सुकी माती, तीत 5 पौंडांचे विलोचे रोप आणि 5 वर्षे केवळ पाणी. झाड 169 पौंडांचे झाले. माती घटली सुमारे 2 औंस! झाड पाण्याचेच बनले, असे त्याने मानले. त्याच्या मृत्यूनंतर, 1648 साली, हे प्रसिद्ध झाले. ‘गॅस’ हा शब्द जगाला देणाऱ्या या गृहस्थाला झाडाचा आहार हवेत शोधावासा वाटला नाही, ही गंमतच. हिरवे पान उन्हाच्या बळावर हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी आणलेले पाणी यांची साखर करते, हे पुढे उलगडले.

म्हणजे ज्या मातीच्या बांधावरून भाऊ भावाशी अबोला धरतो, तिचा दाण्याच्या वजनातील वाटा चिमूटभर. (तिच्यातील क्षारांवाचून पान हिरवे होत नाही, हेही खरे.) बाकीचे आले पाण्यातून आणि हवेतून, त्या हवेत त्या भावाचा उच्छ्वासही मिसळलेला आहे. हवेचा सातबारा कोणाच्या नावे?

कसणाऱ्याचा हक्क आम्ही नाकारीत नाही. परंतु रविवारी वेदीवर भाकर अर्पण होते, तेव्हा बांधापलीकडचा तो भाऊ मागच्याच बाकावर असतो. आणि एकमेकांना शांती देण्याची वेळ थोड्याच वेळात येणार असते.