मु. पो. मेढा

गेल्या आठवड्यात भाचा साताऱ्याहून व्हिजिटिंग कार्डाचा नमुना घेऊन आला. मध आणि वाळवलेली स्ट्रॉबेरी हा त्याचा धंदा. जर्मनीत कोलोनला खाद्यपदार्थांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिकडे जायचं म्हणून नवी कार्डं. जुन्या कार्डावर गणपती होता, तीन मोबाइल नंबर होते आणि तळाला ‘मु. पो. मेढा, ता. जावळी, जि. सातारा’. नव्यावरून गणपती गेला, नंबर एकच उरला, त्याच्याआधी ९१ आलं. इथवर ठीक. पत्त्याच्या जागी मात्र नुसतं ‘पुणे, भारत’.

“मामा, मेढा कुणाला कळणार?”

“पुण्यात तुझी मावशी राहते, एवढाच तुझा आणि पुण्याचा संबंध,” मी म्हणालो. तो हसला, पण नमुना होता तसाच खिशात गेला.

परदेशासाठी कार्ड बदलावंच लागतं. आपण ‘मु. पो.’चं इंग्रजी ‘ए/पी’ करतो, पण तिकडच्या हिशेबनिसाच्या लेखी ए/पी म्हणजे देणी बाकी! शाळेच्या दाखल्याप्रमाणे आडनाव आधी छापलं, तर जर्मन माणूस आपल्याला आपल्या वडिलांच्या नावानं हाक मारण्याचा संभव. जपानी पाहुण्यासाठी मागची बाजू जपानीत छापून घेतात. कार्ड दोन्ही हातांनी, अक्षरं त्याच्याकडे करून द्यायचं. त्याचं घेतलं की वाचायचं, बैठक संपेपर्यंत टेबलावर ठेवायचं. मागच्या खिशात कोंबायचं नाही, त्यावर हिशेब तर मुळीच लिहायचा नाही. आपल्याकडे लग्नाची पत्रिका अक्षत लावून हातात देतात, तसंच हे. समोरच्याचा मान राखण्यासाठी बदललेल्या कार्डाला कोण नावं ठेवील?

पण पाहुण्याला कळावं म्हणून केलेला बदल आणि पाहुण्याचा गैरसमज व्हावा म्हणून केलेला बदल, छापखान्यात दोन्हींना पैसे सारखेच पडतात. एकट्याच्या धंद्यात ‘मॅनेजिंग डायरेक्टर’ होणारे आपल्याकडे थोडे नाहीत. कुठल्याशा सभागृहात शाल-श्रीफळासोबत मिळालेलं ‘डॉ.’ आपण फ्लेक्सवर खपवून घेतो. जर्मनीत हक्क नसलेली पदवी नावामागे लावणं हा फौजदारी गुन्हा आहे.

भाच्याला बोललो खरा, पण मी तरी काय केलं होतं? मुंबईत नोकरीला असताना गाव विचारलं की मी ‘महाबळेश्वरजवळ’ म्हणायचो. खोटं नव्हतं. पण त्याच मुंबईत जावळीची किती माणसं माथाडी म्हणून ओझी वाहत होती, आणि त्यांच्यात आपली गणना होऊ नये एवढ्यासाठी ते ‘जवळ’ होतं. ज्या जावळीसाठी शिवाजी महाराजांना १६५६ साली मोऱ्यांशी झुंजावं लागलं, तिचं नाव सांगायला माझी जीभ अडखळत होती.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात याच्या उलट घडलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना काढला. किर्लोस्कर हे आडनावच मुळात किर्लोशी या कोकणातल्या गावावरून आलेलं. परक्या जिभेला चांगलंच अवघड. तरी घराण्यानं ते छाटलं नाही. पंपांवर, इंजिनांवर तेच ओतलं, आणि माळावर वसलेलं गावही किर्लोस्करवाडी झालं. विकत घेणाऱ्यांनी उच्चार शिकून घेतला, नसेल जमला तर जमेल तसा केला.

आणि मधाचं तर वेगळंच. युरोपात मधाच्या बाटलीवर मूळ देश लिहावाच लागतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० सालापासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे तिची किंमतच मुळी गावाच्या नावात. उद्या एखाद्या गिऱ्हाइकानं मधाच्या पेट्या बघायच्या म्हटल्या तर भाचा त्याला पुण्यात काय दाखवणार, मावशीची गॅलरी?

परवा त्यानं पत्ता बदलायला सांगितला. रोमन लिपीत ‘ढ’ आणि ‘ध’ सारखेच लिहितात, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. संध्याकाळी छापखान्यातून फोन आला, “साहेब, ह्या मेधाताई तुमच्या भागीदार का? त्यांचं नाव जरा मोठं घेऊ का?”