आधी बंदूक बांधा

हैदराबादच्या काचीगुड्यात, स्टेशनमागच्या गल्लीतल्या एका मराठी घरात वर्षभर एकच चर्चा चालली होती. पोरीचं लक्ष असतं कुठं?

पोरगी दहा मीटरवरून एअर रायफल मारायची. या खेळात मार्क मोठ्या कंजुषीनं मिळतात. लक्ष्याच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्‍याची कड ठिपक्याला टेकली की दहा, आणि तिथून आत प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश. अगदी मध्यावर बसला तर १०.९. पंच्याहत्तर मिनिटांत साठ छर्रे, म्हणजे जास्तीत जास्त ६५४. पोरगी ६१०-६१२ वर जी अडकली ती हलेचना.

अडकलेल्या माणसाला सल्ला फुकट मिळतो. आई म्हणाली, रात्री मोबाइल बंद ठेव. मावशीनं प्राणायाम सांगितला. गणपतीत भेटलेल्या एका काकांनी अर्जुनाची आणि पोपटाच्या डोळ्याची गोष्ट सांगितली, जणू ती तिनं पहिल्यांदाच ऐकली असावी. गच्चीबावलीकडच्या रेंजवरचे सर गगन नारंगचा दाखला द्यायचे. नारंग याच शहरात वाढलेला. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्यानं, दशांश न धरता, ६०० पैकी ५९५ मारले. तेवढेच मार्क मिळवलेला दुसरा नेमबाज अंतिम फेरीत गेला आणि बरोबरी सोडवण्याच्या नियमामुळे नारंग नववा राहिला. चार वर्षांनी लंडनला त्यानं कांस्यपदक घेतलं. "सब दिमाग की बात है बेटा," असं म्हणून सर गोष्ट संपवायचे.

हळूहळू पोरीलाही ते पटलं. वहीत ती रोज 'एकाग्रता वाढवणे' असं लिहू लागली. स्वतःला दोष देणारा माणूस नम्र दिसतो, म्हणून त्याला कुणी हटकत नाही. पण दोष आपलाच म्हटलं की शोधही तिथंच थांबतो, आणि हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

घरात सल्ला न देणारे एकटे आजोबा. लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून ते फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील निजामाच्या काळात परभणीहून छोट्या लाइनीच्या गाडीनं काचीगुड्याला उतरले आणि इथलेच झाले. आजोबांना बंदुकीतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पण ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं आणि तो मध्य रेल्वेत नोकरीला असल्याचं पेपरात आलं. "आपल्या रेल्वेचा पोरगा," असं म्हणून आजोबा त्या दिवसापासून नातीच्या स्कोअरचे कागद मागू लागले.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या छापील कागदावर प्रत्येक छर्रा कुठं लागला ते दिसतं. आजोबांनी आठ-दहा कागद जेवणाच्या टेबलावर पसरले, चष्मा पुसला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पोरी, मन भटकलं की छर्रे कुठं जातात?"

"कुठंही जातात, आजोबा. वर, खाली, बाजूला."

"मग हे कुठंही गेलेत का बघ."

गेले नव्हते. प्रत्येक कागदावर एक घोळका डावीकडं होता आणि एक उजवीकडं, मध्ये फट. एखाददुसरा भरकटलेला सोडला तर बाकीचे या नाहीतर त्या घोळक्यात. एवढे महिने तिनं फक्त बेरीज पाहिली होती.

"तुझ्या मनाला दोनच घरं ठाऊक आहेत म्हणायची," आजोबा म्हणाले. "मला तर हा मशीनचा प्ले वाटतो, कुठंतरी ढिलं आहे."

दुसर्‍या दिवशी म्हातारा नातीबरोबर एमएमटीएस लोकलनं लिंगमपल्लीला उतरून रेंजवर हजर. सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला, पण म्हणणं ऐकून हसले. "अंकल, स्क्रू तो सब टाइट हैच. मैं खुद देखा."

"तुम्ही बघितलं असणारच. मला फक्त पोरीला बाजूला करून बघायचंय."

वाळूच्या दोन पिशव्या आल्या. रायफल त्यांच्यावर टेकवून बांधली. जॅकेट नाही, उभं राहणं नाही, श्वास धरणं नाही. पोरीनं फक्त साइटमधून वर्तुळ जुळवायचं आणि ट्रिगर दाबायचा. पहिले तीन छर्रे एकात एक गेले. चौथा तीन मिलिमीटर डावीकडं गेला आणि पाचवा त्याच्यावरच बसला. दहा झाले तेव्हा पडद्यावर तेच दोन घोळके होते. या वेळी भटकायला मन मध्ये नव्हतं, तरी होते.

मग आजोबांनी लाकडी दस्ता आणि लोखंडी भाग जिथं मिळतात त्या फटीवर बोट ठेवलं आणि दुसर्‍या हातानं नळी हलकेच बाजूला दाबली. रेल्वेत चाकावर हातोडी मारून आवाज ऐकण्यात उमर गेलेली. बोटाला जे कळलं ते त्यांनी सरांच्या बोटालाही कळू दिलं. सर चमकले. त्यांनी किल्ली लावून पाहिली तर स्क्रू खरंच घट्ट होता.

"स्क्रू घट्ट आहे. जोड ढिला आहे," आजोबा म्हणाले.

रायफल जुनी, कुणाकडून तरी घेतलेली. आधीच्या मालकानं हरवलेल्या स्क्रूच्या जागी दुसरा बसवला होता, मूळच्यापेक्षा थोडा लांब. तो भोकाच्या तळाला जाऊन टेकायचा आणि किल्लीला वाटायचं, झालं घट्ट. प्रत्यक्षात दस्त्यावर त्याची पकड बसलेलीच नव्हती. आजोबांनी पिशवीतून कानस काढली तेव्हा सरांनी डोळे मिटून घेतले. दोन आटे गेले. स्क्रू परत बसला, पुस्तकात दिलेल्या मापाइतकाच आवळला, आणि त्याच्या डोक्यावरून दस्त्यापर्यंत आजोबांनी रंगाची बारीक रेघ ओढली. उद्या स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. वाळूवरचे पुढचे दहा छर्रे एकाच फाटक्या भोकातून गेले.

पोरीला आता सगळंच करायचं होतं. छर्‍यांचा डबा बदलू, नळी साफ करू, साइटची रिंगही मोठी लावू. एकाच मापाच्या म्हणून विकल्या जाणार्‍या डब्यांतही छर्‍याच्या डोक्याच्या व्यासात शंभरांश मिलिमीटरचा फरक असतो, आणि कुठल्या नळीला कुठला डबा मानवेल हे मारून बघितल्याशिवाय कळत नाही, हे तिनं वाचलं होतं. आजोबा आडवे आले. "आज काही नाही. तीन गोष्टी एकदम बदलशील आणि गाडी नीट चालायला लागली, तर कशानं चालली हे कुणाला विचारशील?" डब्यांची पाळी पुढच्या आठवड्यात आली. वाळूवर चार डबे मारून त्यातला एक ठेवला. फायदा अगदी थोडा झाला, पण फायदा होता हे नक्की कळलं.

सरांना त्या संध्याकाळी एक गोष्ट आठवली. २००४ साली अथेन्सच्या अंतिम फेरीत अभिनव बिंद्रा सातवा आला, आणि त्याच्या पायाखालची फरशी डुगडुगत होती हे त्याला नंतर समजलं. ही गोष्ट सरांना कितीतरी वर्षं माहीत होती. पोरांना मात्र ते नारंगचीच सांगत आले होते.

पोरीचा स्कोअर ६१८ झाला. घरच्यांना वाटलं होतं, एकदम ६३० होणार. आईनं मावशीला फोन करून प्राणायामाचीही थोडी मदत झालीच असेल असं सांगितलं. पण पोरगी वेगळ्याच कारणानं खूश होती. आता नऊ पडला की तो तिचाच होता. ट्रिगर दाबल्यावर पडद्याकडं न बघता ती वहीत आधी लिहायची, 'उजवीकडं, ९.७ असेल', आणि मग बघायची. अंदाज जुळू लागले. पूर्वी ते जुळणं शक्यच नव्हतं, कारण हाताला बरोबर वाटलेला छर्राही ढिल्या जोडामुळं दुसर्‍या घोळक्यात जायचा. हाताला काय वाटतं त्यावरचा विश्वासच तिनं या खेळात गमावला होता. एकाग्रतेचं तिचं सगळं दुखणं तिथलं होतं, असं मला वाटतं.

बातमी रेंजवर पसरली आणि आजोबांपुढं रांग लागली. त्यात मलकपेटचा एक पोरगा होता. बापानं कर्ज काढून नवी कोरी रायफल घेऊन दिलेली, आणि स्कोअर ६०० च्या आसपास. वाळूवर त्याच्या रायफलनं दहाही छर्रे एका भोकात घातले.

"अंकल, और एक बार बांधके देखो ना," पोरगा म्हणाला. आजोबांनी पुन्हा बांधली. तेच भोक. त्याचा चेहरा उतरला. त्याला रायफल बिघडलेली हवी होती.

"बंदूक अच्छी है बेटा. बापाचे पैसे वाया गेले नाहीत," आजोबा अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत म्हणाले आणि खुर्ची मागं सरकवली. इथून पुढचं त्यांच्या हातातलं नव्हतं.

पोरगी उठली. तिनं त्याला जागेवर उभं केलं, रायफल खांद्याला लावायला सांगितली. आता डोळे मीट, अंग सैल सोड, तीन श्वास घे, आणि उघड.

"कुठं आहे?"

"बाजूच्या लेनच्या टार्गेटकडं," तो ओशाळून म्हणाला, आणि हातांनी रायफल ओढून आपल्या लक्ष्यावर आणू लागला.

"हात नको लावू," ती म्हणाली. "मागचा पाय हलव."