बैल गेल्यावरचा झोपा

बैल गेला नि झोपा केला, असे म्हणून आपण उशिरा जागे झालेल्याला हसतो. दार बांधायचे ते बैल गोठ्यात असतानाच, हा व्यवहार आमच्या इंदापूर-बारामतीकडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. पण ज्याने एकदा झोपा बांधला, त्याला निदान झोपा बांधता येऊ लागला, हेही खरेच ना? मग पुढच्या बैलाचे काय?

हा विचार सुचला तो ‘टिफ्रॅक’ची हकीकत वाचताना. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली काही तरुण मंडळींनी १९५४च्या सुमारास गणकयंत्राची आखणी सुरू केली. असले यंत्र बांधण्याचा अनुभव त्यांच्यापैकी कोणालाही नव्हता. आधी एक लहान यंत्र करून पाहिले, मग मोठे हाती घेतले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. आपल्या जुन्या रेडिओत लालसर पेटत, तशा. त्या तापत, म्हणून सारी खोली थंड ठेवावी लागे. यंत्राची जुळणी १९५९च्या आरंभी झाली, तरी ही थंडाव्याची सोय होईपर्यंत आणखी एक वर्ष गेले!

त्याची स्मरणशक्ती मला फार मोहक वाटते. डोरल्यातल्या काळ्या मण्यांसारखी फेराइटची बारीक कडी तारांत ओवलेली. कडे एका दिशेने चुंबकित झाले तर एक, उलट दिशेने झाले तर शून्य. चाळीस-चाळीस अंकांचे २०४८ शब्द त्यात मावत. म्हणजे ८१,९२० कडी. एवढ्या मण्यांत यंत्राला आठवायचे ते सारे सामावलेले. आज खिशातल्या मोबाईलपुढे हे हास्यास्पद वाटेल. पण आजीच्या बटव्याला तिजोरीच्या मापाने मोजू नये.

हे यंत्र फेब्रुवारी १९६०मध्ये रीतसर कामाला लागले आणि १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. पण ट्रान्झिस्टरचा शोध तर १९४७मध्येच लागला होता. न तापणारा, नखाएवढा, टिकाऊ. साठ साल उजाडेतो परदेशी गणकयंत्रे नळ्या टाकून ट्रान्झिस्टरवर गेली होती. आमचे यंत्र जन्मतःच म्हातारे! पुढे १९६४मध्ये त्याच संस्थेत ट्रान्झिस्टरवर चालणारे सीडीसी ३६०० हे अमेरिकन यंत्र आले आणि टिफ्रॅकची सद्दी संपली.

मग हा खटाटोप कशासाठी? आयते आणायचेच होते, तर आधीच का नाही आणले?

शाळेत गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरे छापलेली असतात. तरीही आम्ही मुलांना रीत लिहायला लावतो, आणि नुसते उत्तर बरोबर असेल तर गुण कापतो. मुलांना हा अन्याय वाटतो. पण उदाहरण सोडवायचे ते उत्तरासाठी नव्हेच. उत्तर जगाला केव्हाच ठाऊक असते. टिफ्रॅक हे असेच रीतीसकट सोडवलेले उदाहरण होते. म्हणून परदेशी यंत्र आले, तेव्हा यंत्राच्या पोटात हात घातलेली माणसे घरात हजर होती. कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून १९६६मध्ये ट्रान्झिस्टरचे यंत्र उभे केले, तेही याच वाटेने.

पण येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे मला बरे वाटत नाही. मुलाची वही बाप विकत आणतो. या वहीचे पैसे कोणाचे होते? त्याच वर्षांत अमेरिकेचा गहू जहाजांनी येत होता. ज्याच्या ताटात भाकरी अपुरी, त्याच्या पैशाने काहींनी शिकावे, हे न्याय्य कसे? शिकणाऱ्यांच्या प्रामाणिकपणावर हे ठरत नाही. शिकलेले पुढे कोठवर पोचले, यावर थोडेफार ठरते. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचेच पाहा. साखर कारखान्याच्या आवारात यंत्रे घडवण्याची सवय लागली, आणि त्याच हातांच्या परंपरेतून पुढे अवकाशात जाणाऱ्या रॉकेटांचे भागही निघाले.

नुसत्या स्वदेशीच्या अभिमानाने मात्र भागत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेने महासंगणक देताना अटी घातल्या, तेव्हा पुण्यात १९८८मध्ये सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१मध्ये ‘परम’ तयार झाला. त्यातले मूळ घटक बाहेरूनच आणलेले. जुळवणी, विचार आपला. मला यात कमीपणा दिसत नाही. कुंभार कधी माती तयार करीत नाही.

अलीकडे बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग केले आहेत. जमिनीतली यंत्रे आणि उपग्रह यांच्या मदतीने पिकाला पाणी केव्हा द्यावे, हे शेतकऱ्याला मोबाईलवर कळते. यामागचे गणित परदेशी कंपन्यांच्या यंत्रांवर होते. सल्ला बरोबर असेल, पाणीही वाचेल. नीरेच्या कालव्यावर पाळीसाठी रात्री जागवलेल्यांना त्याचे मोल सांगायला नको. पण मातीचा मुटका वळून ओल पाहणारा शेतकरी आपल्या मुलाला ती रीत दाखवू शकत होता. मोबाईलवरचा निरोप आला, तर तो का आला, हे मुलाने विचारल्यावर बापाने कोणाकडे बोट दाखवावे?