न चाखलेलं मीठ

धाराशिवात मार्चचं ऊन कलायला लागलं की रमजानात घरातली सगळी लगबग ओट्यापाशी येते. भज्यांचं पीठ कालवलेलं असतं, उकडलेले हरभरे फोडणीला पडतात, खजूर बशीत मांडले जातात. अशा वेळी अम्मी चिमटीत मीठ धरून क्षणभर थांबते. गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकायची मुभा जाणकार देतात, पण ती घेत नाही. पिठाचा वास घेते, बोटाला किती चिकटतं ते बघते आणि चिमूट सोडते. मगरिबची अजान होते, खजुराने रोजा सुटतो. पहिलं भजं तोंडात गेलं की ती विचारते, “नमक बराबर है ना?”

पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेली बाई घरभराचं मीठ अंदाजाने ठरवते. रोजा म्हणजे काय, हे मला कुठल्याही प्रवचनापेक्षा त्या चिमटीने जास्त समजावलं.

रोजा हा शब्द फारसी ‘रोज’वरून आला. रोज म्हणजे दिवस. आपले रोजगार आणि रोजंदारी त्याच घरातले. भूम, वाशी, कळंबकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्या आपल्या जिल्ह्यात हे नातं उघड दिसतं. सहेरीला, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाला, भाकरी-पिठलं खाऊन जो उन्हात कामावर जातो, त्याचा रोजा आणि रोज एकाच दिवसात कमवायचा असतो. अरबीत या उपवासाला ‘सौम’ म्हणतात, म्हणजे स्वतःला आवरणं. मराठीने त्याला आपलीच क्रियापदं दिली. एकादशी धरतात, सोडतात, तसाच रोजाही धरतात, सोडतात. तुळजापूरच्या नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्या शेजारणीला रोजा समजावून सांगावा लागत नाही.

चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आपल्याकडे उन्हाळ्यातला रोजा साडेचौदा तासांच्या आसपास जातो, हिवाळ्यातला सव्वाबारा-साडेबारा तासांचा. लंडनमध्ये जूनचा रोजा अठरा तासांच्या वर असतो. म्हणजे आपल्याकडे तासांचा फरक थोडा. कस लागतो तो उन्हाचा आणि पाण्याचा. 2019 साली रमजान मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला. जिल्हा दुष्काळात होता, गावोगाव टँकर येत होते. त्या महिन्यात भरलेली घागर कोरड्या ओठांनी उचलून घरी आणणारे हात बहुतेक बायकांचेच होते.

आणखी एक रोजा आहे, तो कुणाला दिसत नाही. मासिक पाळीच्या दिवसांत बाईने रोजा धरायचा नसतो. ते दिवस पुढे भरून काढायचे असतात. त्यांना कजा रोजे म्हणतात. रमजानमध्ये अख्खं घर एकत्र उपाशी असतं, त्या सोबतीने भूक हलकी होते. कजा रोजा मात्र ती एकटी धरते. घरातले चहा पितात, डबे नेतात, दुपारी जेवतात. त्यांना वाढता वाढता तिचा दिवस जातो. संध्याकाळी ना भजी असतात ना दस्तरखान. एका खजुरावर आणि ग्लासभर पाण्यावर ती रोजा सोडते आणि रात्रीच्या स्वयंपाकाला लागते.

रोजा भुकेची जाणीव देतो असं आपण नेहमी म्हणतो. मग ती जाणीव आपल्याच ओट्यापर्यंत का पोचत नाही? पैगंबरसाहेब घरी असताना घरच्यांच्या कामाला हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की निघत, असं त्यांच्या पत्नी हजरत आयशांनी सांगितल्याची नोंद हदीसमध्ये आहे. ही सुन्नत आपण मशिदीच्या पायरीवरच ठेवून येतो. भूक ज्याची त्यालाच सोसावी लागते, काम मात्र वाटून घेता येतं. सहेरीला सगळ्यांआधी उठणारी आणि रात्री तरावीहच्या नमाजवेळी भांडी घासत राहिलेली बाईसुद्धा रोजादारच असते.

म्हणून घरातल्या पुरुषांना माझं एक मागणं आहे. उद्या पहाटेचा गजर तिच्याआधी तुम्ही बंद करा, गॅस पेटवा, कणीक मळा. मीठ अंदाजानेच टाका. आणि तिचा पुढचा कजा रोजा असेल, त्या संध्याकाळी दस्तरखान अंथरून तिच्याशेजारी बसा.